अनवाणी धावायचं की बूट घालून? पोटरी, नडगी आणि नागपूरचे रस्ते

पोलीस भरतीचे दिवस जवळ आले की सकाळी मैदानावर तीन तऱ्हेचे पाय दिसतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडून आलेली, शेताच्या धुऱ्यावरून अनवाणी पळत मोठी झालेली पोरं. जाड टाचेचे बूट घालून आलेली शहरातली मंडळी. आणि मोबाइलवर एखादा व्हिडिओ पाहून कालच बूट काढून ठेवलेले उत्साही. पहिल्या पंधरा दिवसांत दुखणं घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांत ही शेवटची मंडळी सगळ्यात जास्त असतात.

मागच्या डिसेंबरात रेशीमबागेच्या मैदानावर ८०० मीटरची तयारी करणारी एक मुलगी कठड्याला धरून उभी होती.

"सर, पोटऱ्या दगड होऊन राहिल्या. जिना उतरता येत नाही."

"काल काय घालून धावलीस?"

"काहीच नाही जी. मैत्रीण म्हणे, अनवाणी धावलं की वेग वाढते."

तिला कुठलीही दुखापत झालेली नव्हती. वर्षभर जे काम तिच्या बुटाची टाच आणि तिचा गुडघा वाटून घेत होते, ते एका सकाळी तिनं सगळंच्या सगळं पोटरीवर टाकलं होतं. नव्यानं धावायला लागलेल्यांनी आधी हे समजून घ्यावं, म्हणून हा लेख. धावताना अंगावर येणारा भार बूट काढल्यानं नाहीसा होत नाही आणि घातल्यानंही होत नाही. तो फक्त जागा बदलतो. ज्या जागी तो नव्यानं जाणार, तिला आधी तयार करावं लागतं.

आधी हात लावून ओळख करून घ्या

खुर्चीवर बसा, तळवे जमिनीवर टेकवा. नडगीच्या हाडाच्या अगदी बाहेरच्या अंगाला दोन बोटं ठेवा आणि टाच न हलवता चवडा वर उचला. बोटांखाली जी पट्टी टणक होते तो नडगीचा स्नायू, टिबिॲलिस अँटेरियर. पाऊल वर धरून ठेवणं आणि टाच टेकल्यावर चवडा आपटू न देता हळू खाली सोडणं, ही त्याची कामं.

आता भिंतीला हात लावून उभे राहा आणि टाचा उचला. मागे वरच्या बाजूला दोन पाळ्यांचा जो गोळा फुगतो तो गॅस्ट्रॉक्नेमियस. त्याची सुरुवात गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून होते. त्यामुळे गुडघा वाकवला की तो ढिला पडतो. तसंच गुडघे थोडे वाकवून पुन्हा टाचा उचला. या वेळी पोटरीच्या खालच्या भागात, कडेला ताण जाणवेल. तो सोलियस. चपटा, आत दडलेला, न थकता बराच वेळ काम करणारा. लांब पल्ल्याच्या धावण्यात पोटरीचा खरा मजूर हाच, आणि व्यायामात नेमका हाच राहून जातो.

हे दोघे खाली उतरून टाचेमागच्या जाड शिरेत एक होतात. शीर म्हणजे इथं रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. ही अकिलिस शीर शरीरातली सगळ्यात जाड. चिमटीत धरून बघा, विहिरीच्या दोरखंडासारखी लागते.

शेवटी तळवा. पाय जमिनीवर असू द्या आणि हातानं फक्त अंगठा वर ओढा. आतल्या बाजूची कमान आपोआप उंच होते. टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला एक मजबूत पट्टा अंगठ्याभोवती ताणला जातो आणि कमान आवळतो. २६ हाडांचं हे पाऊल जमिनीवर टेकताना थोडं पसरतं, उचलताना कडक होतं. दोन्ही वेळा तळव्यातले छोटे स्नायू कामाला असतात.

बुटात काय होतं

नेहमीच्या धावण्याच्या बुटात टाच चवड्यापेक्षा साधारण ८ ते १२ मिलिमीटर उंच असते आणि तिच्याखाली मऊ गादी असते. त्यामुळे बहुतेक लोक टाचेवर उतरतात. पाऊल शरीराच्या बरंच पुढे पडतं, गुडघा जवळजवळ सरळ असतो, चवडा वर. या क्षणी नडगीचा स्नायू आवळलेला असतो. टाच टेकल्यावर तो चवड्याला खाली सोडतो आणि गुडघा वाकायला लागला की मांडीचे पुढचे स्नायू भार झेलतात. पोटरी कामाला लागते ती नंतर, शरीर पावलावरून पुढे सरकताना आणि जमीन सोडताना.

म्हणून बुटात खूप धावणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा नडगीची किंवा गुडघ्याच्या वाटीभोवतीची असते.

अनवाणी काय होतं

सिमेंटच्या रस्त्यावर बूट काढून टाचेवर उतरून बघा. दोन पावलांतच शरीर म्हणेल, नको. पाऊल जवळ पडायला लागतं, ढांग आखूड होते, पावलं भराभर पडतात, गुडघा जास्त वाकलेला राहतो आणि जमिनीला आधी चवड्याची बाहेरची कड लागते. पोटरी इथं पाऊल टेकण्याच्या आधीच घट्ट झालेली असते. मग टाच हळूहळू खाली येते आणि तिला आवरून धरण्याचं सगळं काम पोटरी करते. अकिलिस शीर रबरासारखी ताणली जाते आणि पाऊल उचलताना परत आखडून ढकल देते. कमानही तसंच करते.

यात गुडघ्याचं ओझं कमी होतं आणि घोट्याचं वाढतं. नडगीच्या स्नायूला आराम मिळतो, पोटरी आणि तळवा जास्त राबतात. खुब्याभोवतीचे मोठे स्नायू दोन्ही प्रकारांत साधारण सारखंच काम करतात, म्हणून त्यांच्याबद्दल इथं लिहीत नाही.

हिशेब करून बघा. वजन ६० किलो, ५ किलोमीटरला अर्धा तास, मिनिटाला १६० पावलं. म्हणजे एकूण ४,८०० पावलं, एका पायाच्या वाट्याला २,४००. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, म्हणजे १२० ते १८० किलो. अकिलिस शिरेवरचा ताण तर वजनाच्या सहा-सात पटींपर्यंत जातो. ज्या पोटरीनं आजवर टाच आवरून धरण्याचं काम फारसं केलेलं नाही, तिला एका सकाळी ते २,४०० वेळा करायला लावलं, तर जिना उतरता येणार नाहीच. स्नायू लांबत असताना भार पेलतो तेव्हा तो सगळ्यात जास्त दुखतो आणि हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर असतं.

यात श्रेष्ठ कोण?

हा वाद मैदानावर रोज होतो. २०१० साली हार्वर्डचे डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवलं की लहानपणापासून अनवाणी धावणारे पुष्कळ लोक चवड्यावर उतरतात आणि त्यांच्या पायाला टाचेवर उतरणाऱ्यांना बसतो तसा पहिला तीव्र ठोका बसत नाही. त्यानंतर जगभर लोकांनी बूट काढले. पण २०१३ साली उत्तर केनियातल्या दासनाच लोकांचा अभ्यास झाला. तेही जन्मभर अनवाणीच, आणि सावकाश धावताना त्यांच्यातले बहुतेक जण टाचेवर उतरत होते. अनवाणी म्हणजे चवडा, असं सरळ समीकरण नाही. वेग, जमीन आणि सवय यांवर ते ठरतं.

इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकला. त्यानंच १९६४ मध्ये टोकियोत बूट घालून २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत पुन्हा सुवर्णपदक घेतलं. दोन्ही वेळा पाय त्याचेच होते.

माझं मत विचाराल तर रोजच्या लांब धावण्याला साधे, फार जाड नसलेले बूट आणि पायाची ताकद वाढवायला थोडं अनवाणी, हे नवख्याला सगळ्यात मानवतं.

पहिली पायरी: आज तुम्ही कसे उतरता ते बघा

मोबाइल जमिनीवर पाण्याच्या बाटलीला टेकवून आडवा ठेवा, स्लो मोशन लावा आणि समोरून तीन-चार वेळा नेहमीच्या वेगानं जा. पाऊल टेकतं त्या क्षणी थांबवून बघा: आधी टाच, अख्खं पाऊल की चवडा? गुडघा पावलाच्या वर आहे की बराच मागे? मग ३० सेकंदांत उजवं पाऊल किती वेळा टेकतं ते मोजा आणि त्याला चारनं गुणा. आकडा १५५ च्या खाली असेल तर पाऊल बहुधा फार पुढे पडतं आहे. बूट न काढताच तो पाच टक्के वाढवा. १५० चे १५७-१५८. एवढ्या छोट्या बदलानंही गुडघ्यावरचा भार कमी होतो. ज्यांचं फक्त गुडघ्याचं दुखणं आहे त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल.

आवाजही ऐका. सकाळी सहाला रस्ता शांत असतो, धप-धप लगेच कळते.

दुसरी पायरी: पोटरी तयार आहे का?

भिंतीपासून चार बोटं अंतरावर अंगठा ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागत नसेल तर घोटा आखडलेला आहे. दुसरी चाचणी, एका पायावर उभं राहून टाच पूर्ण वर, पूर्ण खाली. सलग २० वेळा सफाईनं जमायला हवं. नवख्यांना बहुधा आठ-दहाच्या पुढे जमत नाही आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण जोवर २० होत नाहीत तोवर अनवाणी धावू नका, फक्त चाला.

तिसरी पायरी: तीन आठवडे, पायरीच्या कडेवर

घराच्या जिन्याची शेवटची पायरी पुरते. चवडा कडेवर, टाचा हवेत, कठड्याला एक हात. दोन्ही पायांनी वर जा आणि तीन आकडे मोजत टाचा पायरीच्या खाली उतरवा. महत्त्व उतरण्याला आहे, कारण अनवाणी धावताना पोटरी नेमकं हेच करते. १२ ते १५ वेळा, असे तीन फेरे, एक दिवस आड. प्रत्येक फेऱ्यात निम्म्या वेळा गुडघे सरळ ठेवून, निम्म्या वेळा थोडे वाकवून, म्हणजे सोलियसलाही काम मिळतं. दुसऱ्या आठवड्यात दोन्ही पायांनी वर आणि एका पायानं खाली. तिसऱ्यात सगळं एका पायानं.

तळव्यासाठी बोटं न मुडपता चवडा टाचेकडे ओढून कमान उंच करायची, पाच सेकंद धरायची, दहा वेळा. पोळ्या लाटतानासुद्धा होतं. सोबत रोज १५-२० मिनिटं घरात, गच्चीवर किंवा हिरवळीवर अनवाणी चाला. घरात आपण अनवाणीच असतो, त्यामुळे आपले पाय अगदी कोरे नाहीत, पण गुळगुळीत फरशी आणि मैदान यांत फरक आहे.

चौथी पायरी: एक मिनिट

चौथ्या आठवड्यात बूट काढून धावायचं. आधी दहा मिनिटं बुटातच अंग तापवा. मग एक मिनिट अनवाणी धावणं, एक मिनिट चालणं, असं चारदा. मग बूट घाला आणि उरलेला सराव बुटात करा. एक दिवस आड. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा आणि बुटातल्या सरावातून तेवढीच कमी करा. आठव्या-नवव्या आठवड्यात सलग दहा मिनिटं आली की छान. वीस मिनिटांपर्यंत जायला तीन-चार महिने धरा.

एवढा उशीर का, हे मला पोरं नेहमी विचारतात. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो, पण शीर आणि हाड महिने घेतात. पोटरी म्हणते "जमतं", तेव्हा अकिलिस आणि चवड्याची लांब हाडं अजून तयार नसतात. मी स्वतः तिशीत असताना पहिल्याच दिवशी सिव्हिल लाइन्समध्ये सहा किलोमीटर अनवाणी धावलो. पोटऱ्या चार दिवस दुखल्या, पाचव्या दिवशी बऱ्या वाटल्या, म्हणून पुन्हा सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या बोटामागे, पावलाच्या वरच्या बाजूला बोट दाबलं की डोळ्यांत पाणी यायचं. पहिल्या एक्स-रेत काहीच दिसलं नाही. तीन आठवड्यांनी दुसरा काढला तेव्हा हाडाला बारीक चीर गेल्याची खूण उमटली. दीड महिना धावणं बंद. पोटरीचं दुखणं थांबलं म्हणजे पाय तयार झाला, असा माझा समज होता.

धावताना तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. टाच हवेत अडकवून ठेवू नका. चवडा आधी लागला तरी टाच जमिनीला लागून जायलाच हवी. चवड्यावर नाचत धावणारा पोटरीला एक क्षणही सोडत नाही. नवख्यांची ही सगळ्यात मोठी चूक. दुसरं, पाऊल मागे ढकलू नका, उचला. बोटांखाली फोड येत असतील तर तुम्ही जमीन घासता आहात. तिसरं, मान खाली घालू नका. नजर सात-आठ पावलं पुढे असेल तर काचही दिसते आणि पाठही सरळ राहते.

पाचवी पायरी: नागपुरात कुठं आणि केव्हा

नागपूरचे सिमेंटचे रस्ते अनवाणी शिकायला वाटतात तेवढे वाईट नाहीत. स्वच्छ, सपाट आणि कठीण जमीन चुकीचं पाऊल लगेच सांगते. मऊ गवतावर टाच आपटत धावलं तरी कळत नाही. पण एक-दोन मिनिटांपुरतंच. मोठा सराव मातीच्या मैदानावर किंवा मानकापूरच्या क्रीडा संकुलातल्या सिंथेटिक ट्रॅकवर बरा. सेमिनरी हिल्सचा चढ पहिले तीन महिने बुटातच करा. चढावर पोटरी तशीच ताणलेली असते, त्यात अनवाणी म्हणजे दुप्पट ताण.

उन्हाळ्यात साडेपाचला उजाडतं, तेव्हाच आटोपा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, सकाळी आठलाच सिमेंट चटका देतं, आणि सिंथेटिक ट्रॅक त्याहून लवकर तापतो. तळव्याला फोड आले की आठवडा गेला. पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटून पाऊल जड करते, गवतात काच दिसत नाही, आणि ओल्या घाण मातीतून आकडेकृमी कातडीवाटे शिरतात. या दिवसांत अनवाणी सराव घरात जिन्यावर करा. पाऊस संपला की मैदानावर सराटे पसरतात. धावायच्या आधी तेवढी पट्टी एकदा चालत बघून घ्या. जानेवारीतल्या कडाक्याच्या पहाटे तळवा बधिर असतो आणि बधिर तळवा खडा सांगत नाही. ऊन वर येईपर्यंत बूट घाला. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या.

मधुमेह असून तळव्याला मुंग्या येत असतील किंवा स्पर्श कमी कळत असेल, तर अनवाणी धावणं तुमच्यासाठी नाही. यात तडजोड नको.

कोणतं दुखणं चालेल, कोणतं नाही

पोटरीच्या गोळ्यात दोन्ही बाजूंना सारखा जडपणा, दोन-तीन दिवसांत ओसरणारा, हे कामाचं दुखणं. त्यात चालणं चालू ठेवा. एकाच पोटरीत धावता धावता सुरी खुपसल्यासारखी कळ आली तर तिथंच थांबा. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या पावलाला टाचेखाली किंवा टाचेमागे दुखत असेल, तर शीर किंवा तळव्याचा पट्टा रागावला आहे. आठवडाभर अनवाणी बंद, जिन्यावरचा व्यायाम हळू. आणि हाडावर एका बोटाएवढ्या जागी दाबून दुखत असेल, तर एकही पाऊल न धावता हाडाच्या डॉक्टरांकडे जा.

गावाकडून आलेल्यांसाठी

तुम्हाला उलट सांगायचं आहे. तुमचे पाय आधीच घडलेले आहेत, बोटं पसरलेली, पोटरी तयार. भरतीसाठी घरचे कौतुकानं जाड टाचेचे बूट घेऊन देतात आणि तुम्ही त्यात पहिल्याच दिवशी १६०० मीटर काढता. ढांग लांब होते, टाच आपटायला लागते आणि नडगीचा स्नायू, ज्यानं आजवर एवढं काम केलेलं नाही, आठ दिवसांत ठणकायला लागतो. बूट घ्या, पण कमी टाचेचे, बोटांना जागा असलेले, आणि तेही एक-एक मिनिटानंच पायात रुळवा. नडगीसाठी भिंतीला पाठ टेकून, टाचा फूटभर पुढे ठेवून चवडे उचलण्याचा व्यायाम करा, २० वेळा, तीन फेरे.

मैदानावरच्या त्या मुलीला मी पाच दिवस धावणं बंद करायला लावलं आणि मग जिन्यापासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी तिच्या डाव्या पायानं नऊ वेळा टाच उचलली, दहाव्याला पाय थरथरला. फेब्रुवारीच्या अखेरीस ती २४ वर गेली होती. आता ती आठवड्यातून तीनदा आठ मिनिटं अनवाणी धावते, बाकी सराव बुटात. चाचणीही बुटातच देणार आहे. शेवटच्या तीन आठवड्यांत पायातलं काहीच बदलायचं नाही, नवे मोजेसुद्धा नाहीत, असं आमचं ठरलं आहे.